दादाच्या पेशी

तिसगावच्या भाजीबाजारात कल्याण गर्जे लिलाव पुकारायला उभा राहिला की त्याचा आवाज पार एसटी थांब्यापर्यंत जायचा. मेथीच्या जुड्या असोत नाहीतर वांग्याचं क्रेट, बोली तो अशी चढवत न्यायचा की घेणाऱ्याला माघार घ्यायची लाज वाटावी. डाव्या गालात तंबाखूचा बार कायम धरलेला. बार तिकडं ठेवून उजव्या बाजूनं ओरडायची त्याला इतकी सवय झाली होती की गाल रिकामा असला तरी त्याचं तोंड वाकडंच उघडायचं. त्याच डाव्या गालात २०२२च्या उन्हाळ्यात पांढरा चट्टा आला. महिन्याभरात चट्ट्याची जखम झाली आणि ती काही केल्या भरेना.

त्याची धाकटी बहीण राजेश्वरी ही त्या घरातली पहिली शिकलेली. आईबाप ऊसतोडीला जायचे. तिचा जन्मच काष्टीकडं एका फडाच्या कडेला, पाचटाच्या झोपडीवजा कोपीत झालेला. ती पाचवीत गेली त्या वर्षी तिलाही तोडीला न्यायचं घाटत होतं, मोळ्या उचलायला दोन हात जास्त हवे होते. सतरा वर्षांचा कल्याण म्हणाला, माझे हात न्या, हिला वसतिगृहात ठेवा. त्याची शाळा तिथंच संपली. राजेश्वरी नगरला बी.एस्सी. झाली, पुण्याला एम.एस्सी. झाली, आणि केडगावच्या पुढं पुणे रस्त्यावर एका खासगी मेडिकल कॉलेजच्या संशोधन विभागात लागली. वडील तोवर गेले होते. लग्नाचा विषय निघाला की ती कामाचं कारण सांगायची, आणि कारण खोटं नव्हतं. तिचं काम कॅन्सरच्या पेशी वाढवण्याचं होतं.

त्यामुळं भावाची जखम पाहिल्यावर तिला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. बाजारातून घरी आलेल्या कल्याणला तिनं अंगणात उन्हाकडं तोंड करून बसवलं, मोबाईलचा दिवा गालात धरला आणि दोन बोटांनी कडा चाचपली. कडा टणक होती. दुसऱ्या दिवशी ती त्याला स्वतःबरोबर नगरला घेऊन गेली.

ऑगस्टमध्ये कॉलेजच्याच हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. अर्धा गाल, खालचा जबडा थोडा, मानेतल्या गाठी. त्याच्या आदल्या दिवशी राजेश्वरीनं भावापुढं एक कागद ठेवला. काढलेल्या गाठीतला हरभऱ्याएवढा तुकडा संशोधनाला द्यायचा, त्याला रुग्णाची संमती लागते. कल्याणनं कागद वाचलासुद्धा नाही.

"तुझ्या उपयोगाचं हाय ना?" तो म्हणाला. "मंग आख्खी गाठ ने. मला कुठं लोणचं घालायचंय तिचं."

विभागाच्या प्रमुख मेहेंदळे मॅडम. त्यांनी राजेश्वरीला स्पष्ट विचारलं की सख्ख्या भावाच्या गाठीवर तू काम करावंस का, दिशाकडं देऊ या. दिशा तिच्याच शेजारच्या टेबलावर बसायची, पण गाठीपासून पेशी वाढवायचा हात अजून राजेश्वरीचाच होता. दहा तुकडे लावले तर एखादा धरतो, बाकीचे सुकून जातात. मी सोडून दुसऱ्या कुणी लावला आणि तो मेला तर मला आयुष्यभर राहून राहून वाटेल, असं ती म्हणाली. मॅडमनी नियमाप्रमाणं नमुन्यावरचं नाव काढलं आणि आकडा दिला. नमुना नऊ.

नमुना नऊनं धरलं. पहिले तीन महिने काही कळत नव्हतं. मग फ्लास्कच्या तळाला पेशींची लहानशी बेटं दिसू लागली, बेटं पसरून एकमेकांना चिकटली, आणि मार्चपर्यंत राजेश्वरीला दर चार दिवसांनी एका फ्लास्कचे तीन करावे लागू लागले. दिवसाआड जुनं द्रावण काढायचं, नवं गुलाबी द्रावण घालायचं, सदतीस अंशांच्या कपाटात ठेवून द्यायचं. माणसाच्या अंगात असते तेवढीच ऊब. तिकडं कल्याणची किरणं संपली होती. त्याचे शब्द आता चघळल्यासारखे यायचे, लिलाव दुसराच कुणी पुकारायचा, पण आडत्यानं त्याला वजनकाट्यावर बसवलं होतं. घरात सगळे धरून चालले होते की संकट टळलं.

खरं काम जूनमध्ये सुरू व्हायचं होतं. ते काय, हे कल्याणनं विचारलं तेव्हा राजेश्वरीनं त्याला बाजाराच्या भाषेत सांगितलं. पेशीच्या आत हजारो जनुकं, म्हणजे हजारो कामकरी. आपण त्यातली सातशे निवडलीत. लाखो पेशी घ्यायच्या आणि प्रत्येकीतल्या एकाच कामकऱ्याला कायमची सुट्टी द्यायची, कुणात हमाल नाही, कुणात काटेवाला नाही. मग तीन आठवडे थांबायचं. ज्याच्यावाचून पेशी मेल्या, तो त्या रोगाचा कणा. त्यालाच अडवणारं औषध शोधायचं.

कल्याण ऐकून हसला. वाकड्या तोंडातून लाळ आली ती त्यानं उपरण्यानं पुसली.

"आमच्या बाजारात आडत्या मेला तरी बाजार भरतो," तो म्हणाला. "चहावाला न्हाई आला की बंद पडतो. लोकांचं ध्यान आडत्यावरच असतं."

हे बोलणं राजेश्वरीला इतकं नेमकं वाटलं की तिनं ते मॅडमना जाऊन सांगितलं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, प्रयोगाला सुरुवात होऊन सहा दिवस झाले असताना, कल्याणच्या बायकोचा, रेश्माचा फोन आला. मानेला टाक्यांच्या खाली सुपारीएवढं काहीतरी आलंय म्हणाली. महिन्याभरात त्याचा लिंबाएवढा गोळा झाला आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता परत कापण्यात अर्थ नाही. सलाइनमधून द्यायची औषधं सुरू झाली. पहिल्या दोन वेळा गोळा बसला, तिसऱ्या वेळेपासून दाद देईना.

इथून पुढं राजेश्वरीचे दिवस कसे गेले ते तिनं फारसं कुणाला सांगितलं नाही. भावाला घास गिळता येईना म्हणून नाकातून नळी घातली होती, आणि इकडं तिला दिवसाआड त्याच गाठीच्या पोराबाळांना वेळेवर खायला घालावं लागत होतं. त्या पेशी उपाशी राहिल्या तर प्रयोग वाया जाणार, म्हणून ती रविवारीही जायची. मायक्रोस्कोपखाली त्या टवटवीत दिसायच्या. एकदा कपाट उघडून ती नुसती उभी राहिली. फ्लास्क उचलून बेसिनमध्ये ओतायला किती वेळ लागेल, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता. मागून दिशा आली, दार उघडं राहिलंय म्हणाली, आणि राजेश्वरीनं दार लावून घेतलं.

तीन आठवड्यांनी पेशींचे नमुने मोजणीसाठी हैदराबादला गेले. निकाल यायला सप्टेंबर उजाडला. सातशे जनुकांपैकी एक्केचाळीस अशी निघाली की त्यांच्यावाचून नमुना नऊच्या पेशी नाहीशा झाल्या होत्या. त्यांतली बहुतेक कुठल्याही पेशीला लागणारीच, श्वासासारखी. ती बाद केली. उरली तीन. त्यातलं पहिलं जनुक पडद्यावरच्या आलेखात इतकं खाली घसरलेलं होतं की मॅडमनी चष्मा काढून पुन्हा घातला. त्या जनुकाला अडवणारं एक रसायन परदेशातल्या एका कंपनीकडं मिळत होतं. ते मागवलं. नोव्हेंबरमध्ये बर्फातून एक चिमुकली कुपी आली, तळाशी चिमूटभर पांढरी पूड. वर छापलं होतं, फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये.

राजेश्वरीनं ते विरघळवून नमुना नऊवर घातलं. चौथ्या दिवशी तिनं फ्लास्क मायक्रोस्कोपखाली ठेवला तेव्हा तळ मोकळा होता. पेशी गोळा होऊन, सुटून, वरच्या द्रावणात कचऱ्यासारख्या तरंगत होत्या. सव्वा वर्ष तिनं ज्यांना वाढवलं त्या मेल्या होत्या. ती खुर्चीवर बसली आणि तिला रडू आवरेना.

त्याच दुपारी ती मॅडमच्या खोलीत गेली. कल्याणला हे देता येईल का, असं तिनं विचारलं. मॅडम बराच वेळ बोलल्या. काचेतल्या पेशी मरणं आणि माणूस बरा होणं यात दहा-बारा वर्षांचं अंतर असतं. अजून निरोगी पेशींवर घातलं नाही, उंदरावर घातलं नाही. मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलांत कुठं या जनुकावरच्या औषधाची चाचणी चालू आहे का, हे त्यांनी आधीच विचारून पाहिलं होतं. कुठंही नव्हती.

"त्याच्याकडं दहा वर्षं नाहीत, मॅडम," राजेश्वरी म्हणाली. "दहा आठवडे नाहीत."

"मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "घाईत माणूस काहीही देऊन बसतो, म्हणूनच मी तुला हो म्हणत नाही."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी राजेश्वरीनं उणे वीसच्या फ्रीजमधून उरलेली कुपी काढली, लसी नेतात तसल्या डब्यात बर्फावर ठेवली, डबा शबनममध्ये घातला आणि पाथर्डीची एसटी धरली. आयुष्यात तिनं परीक्षेत कधी शेजारच्या वहीत पाहिलं नव्हतं. करंजी घाटात गाडी वळणं घेत होती तेव्हा ती डबा दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसली होती. शेजारच्या बाईनं विचारलं, दही आहे का. ती हो म्हणाली.

कल्याण पडवीत खाटेवर होता. वजन एक्केचाळीस किलो. मानेवरचा गोळा फुटला होता, रेश्मा दिवसातून चारदा पट्टी बदलायची. बोलणं बंद होऊन दीड महिना झाला होता. उशाशी शंभरपानी वही आणि पेन असायचं. आई, बायडाबाई, त्याच्या पायाशी बसून तळव्याला तेल चोळत होती.

राजेश्वरीनं डबा उघडला आणि काय आणलंय ते सांगितलं. तिनं काहीही लपवलं नाही. तुझ्याच गाठीच्या पेशी यानं मारल्यात, पण काचेत. माणसाला हे अजून कुणी दिलेलं नाही.

कल्याणनं वही ओढली. मोठ्या अक्षरात एकच शब्द लिहिला. 'दे.'

"दे गं," बायडाबाई म्हणाली. "आनलंयस तर दे."

रेश्मा दारात उभी होती. हातात पट्ट्यांचं भांडं होतं, ते तिनं खाली ठेवलं नाही. "ह्यानं ते बरे व्हतील का, ताई?"

"न्हाई सांगता येत."

"दुखायचं कमी व्हईल?"

"म्हाईत न्हाई."

"मंग काय व्हईल, तेवढं तरी म्हाईत हाय का?"

 राजेश्वरीनं सिरिंज काढली, पिस्टन मागं ओढून कुपीतलं द्रावण आत घेतलं. सिरिंजमध्ये आलं ते जेमतेम दोन रेघा भरलं. तेव्हा, इतके दिवस तिनं डोक्याबाहेर ठेवलेला हिशेब आपोआप समोर आला. एवढं रसायन एका उंदराला पुरलं असतं. एक्केचाळीस किलोच्या माणसाच्या रक्तात ते विहिरीत टाकलेल्या मिठाच्या खड्यासारखं विरून गेलं असतं. गाठीला त्याचा पत्ताही लागला नसता. पण ज्यात ते विरघळवलं होतं ते द्रव शिरेत गेल्यावर त्याला काय करेल, श्वास अडेल का, हृदय थांबेल का, हे तिला सांगता येत नव्हतं. तिला हे केडगावातही माहीत होतं. तिथून निघताना तिनं स्वतःला ते विचारूच दिलं नव्हतं.

कल्याणनं बाही वर करून हात पुढं केला होता. दंडाची कातडी सैल लोंबत होती. तो तिच्याकडं पाहत होता, आणि पाच मिनिटं गेली तरी त्यानं हात मागं घेतला नाही.

"मला न्हाई जमायचं, दादा," ती म्हणाली.

त्यानं 'दे'च्या खाली दोन रेघा मारल्या. इतक्या जोरात की कागद फाटला. तिनं मान हलवली. मग त्यानं हात खाली घेतला, भिंतीकडं तोंड केलं, आणि ती संध्याकाळच्या गाडीनं निघेपर्यंत वळला नाही. बायडाबाईही तिच्याशी बोलली नाही. रेश्मानं तिला कोपऱ्यापर्यंत सोडलं.

दुसऱ्या दिवशी राजेश्वरीनं कुपी मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. तू दिलं असतंस तर, एवढंच म्हणाल्या आणि प्रकरण कॉलेजच्या नीतिसमितीकडं पाठवलं. समितीपुढं गेल्यावर राजेश्वरीला लेखी ताकीद मिळाली आणि तीन महिने पेशींच्या खोलीत यायला बंदी झाली. नमुना नऊ दिशाकडं गेला. नोकरी राहिली, ती मॅडमनी शब्द टाकला म्हणून.

बंदीचा उपयोग एवढाच झाला की तिला गावी राहता आलं. ती महिनाभर तिसगावात होती. कल्याण तिच्यावर रागावलेला होता की नुसता थकलेला, ते तिला कळलं नाही. पट्टी बदलायचं काम तिनं रेश्माकडून मागून घेतलं. तो वहीत लिहायचा ते रेश्मासाठी नाहीतर आईसाठी. तिच्यासाठी त्यानं शेवटचं लिहिलं ते 'पंखा बंद कर' एवढंच. जानेवारीत, संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला तो गेला. वय अडतीस.

फेब्रुवारीत दिशानं तेच रसायन निरोगी हिरडीच्या पेशींवर घातलं. त्याही मेल्या. जेवढ्या मात्रेत गाठ मरत होती, तेवढ्याच मात्रेत निरोगी हिरडी मरत होती. तिनांतलं पहिलं जनुक यादीतून कटलं. सगळे राजेश्वरीला म्हणाले, बघ, तू दिलं नाहीस तेच बरोबर होतं. तिला त्याचा काडीचा आधार वाटला नाही. दिलं असतं तरी तो गेला असता आणि नाही दिलं तरी गेला, आणि मधला महिना-सव्वा महिना तिच्या भावाला वाटत राहिलं की बहिणीजवळ औषध होतं आणि तिनं ते परत नेलं. ते औषध नव्हतंच, हे त्याला सांगायला आता तो नव्हता.

बंदी संपून ती कामावर गेली तेव्हा एप्रिल लागला होता. त्या महिन्यात रेश्मा नगरला आली होती, दाखल्यांच्या कामाला. काम झाल्यावर ती केडगावला आली आणि म्हणाली, मला ते बघायचंय. मॅडमना विचारून राजेश्वरीनं तिला डोक्याला टोपी, अंगात पांढरा कोट, पायात निळे मोजे घातले आणि आत नेलं. दिशानं नमुना नऊचा फ्लास्क मायक्रोस्कोपखाली ठेवून दिला. रेश्मानं आधी एकच डोळा लावून पाहिलं, मग जमलं. बराच वेळ तिनं डोळे काढले नाहीत.

"हे जितं हाय?"

"हाय."

"किती दिस राहील?"

"खायला घातलं तवर."

तेव्हा राजेश्वरीनं तिला सांगितलं की सही दादाची होती, आता तो हक्क तुझा. तू नको म्हणालीस तर आजच्या आज हे सगळं नष्ट करता येतं, कुणी तुला का म्हणून विचारणार नाही. रेश्मा खुर्चीवर बसली. टोपीखालून तिचे केस बाहेर आले होते. तिनं विचारलं, ह्याच्यावर अजून काही कळायचं राहिलंय का. राजेश्वरीनं खरं ते सांगितलं. दोन जनुकं बाकी आहेत. त्यांचंही पहिल्यासारखंच होऊ शकतं.

"ठिवा," रेश्मा म्हणाली. "पर तुमी न्हाई त्याला खायला घालायचं, ताई. दुसऱ्या कुनाला सांगा. त्यांच्या मानेची पट्टी मी बदललीय. तुमी हितं त्यालाच पोसत हुता, हे माज्या डोक्यातून जात न्हाई."

राजेश्वरी हो म्हणाली. त्याच दिवशी मॅडमना सांगून तिनं आपलं काम बदलून घेतलं. नमुना नऊ कायमचा दिशाचा झाला. राजेश्वरी आता निरोगी पेशी वाढवते, हिरडीच्या, यकृताच्या, आणि दिशाच्या यादीतलं प्रत्येक रसायन आधी त्यांच्यावर घालून बघते. हे नाजूक काम आहे. निरोगी पेशी गाठीसारख्या हावरट नसतात, पंधरा-वीस वेळा वाढून थांबतात, म्हातार्‍या होतात, पुन्हा नव्यानं लावाव्या लागतात. दुसरं जनुक गेल्या दिवाळीत बाद झालं. तिसऱ्यावरचं रसायन हिरडीला फारशी इजा करत नाही असं दिसतंय, पण यकृताचं अजून कळायचंय, आणि उंदरांची परवानगी यायचीय.

बायडाबाई रविवारी फोन करते. मुलाच्या गाठीचा अंश केडगावात कपाटात आहे हे तिला रेश्मानं सांगितलं, तेव्हापासून तिचा एकच प्रश्न असतो, तो ती जेवलीस का विचारायच्याही आधी विचारते.

"मेलं का गं ते?"

न्हाई अजून, राजेश्वरी सांगते. मग आई गावातलं काहीबाही सांगायला लागते.